निदानाचं दावं

निदान या शब्दातल्या ‘दान’चा देण्याघेण्याशी काही संबंध नाही. संस्कृतात ‘दा’ हा बांधणे या अर्थाचाही धातू आहे. दाम म्हणजे दोरी. दामोदर त्यातूनच आला आणि आपल्या गोठ्यातलं दावं आणि दावणही. ऋग्वेदात निदान म्हणजे गाईला बांधायची दोरीच. दोरी धरून मागे मागे गेलं की खुंटा सापडतो. अमरकोशापर्यंत येताना निदानाचा अर्थ आदिकारण असा स्थिरावला होता. आयुर्वेदाच्या पंचनिदानात पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती या चौघांच्या आधी निदानाला जागा आहे, आणि तिथेही त्याचा अर्थ कारण असाच. रोगाचं नाव म्हणजे निदान, हा अर्थ नंतरचा.

आमच्या जिल्ह्यात तर हा शब्द भिंतीवर रंगवलेला आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचा एक तुकडा उरला आहे. सुरुवातीच्या इंग्रज पाहुण्यांना ते राशिचक्र वाटलं. अविद्येपासून जरामरणापर्यंत एकातून एक निघणाऱ्या कारणांची जी साखळी या चक्रात मांडतात, तिच्या बारा कड्यांना बौद्ध परंपरा निदानंच म्हणते.

जुन्या मराठीत ‘निदानी’ म्हणजे शेवटी. ‘निदान चहा तरी घे’ मधलं निदान याच वाटेने आलं असावं. मागे जाता जाता जिथे थांबावं लागतं ते टोक. त्याहून कमी नाही.

मला मात्र निदानाचा मूळ अर्थ सगळ्यात जिवंत दिसतो तो ‘अवधाण’ या घरगुती शब्दाच्या वापरात. मुलाच्या जांघेत गाठ आली की आजी गाठीकडे बघतच नाही. तळपाय वर करून काटा, ठेच, चिघळलेलं बोट शोधते. अवधाण आलंय म्हणजे खाली कुठेतरी जखम आहे. प्लेगची गाठही बहुतेक वेळा अशीच येते: पिसू पायाला चावते, जीवाणू लसिकावाहिन्यांतून वर सरकतात आणि जांघेतली ग्रंथी सुजते. या गाठीला इंग्रजीत ब्यूबो म्हणतात आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच जांघ. १८९६-९७च्या साथीत मराठी वर्तमानपत्रांनी या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटलं. भारदस्त शब्द, पण लोकांच्या तोंडी गाठीचा ताप राहिला.

तो ताप १९९४च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला गावात परतला. देशात १९६६नंतर माणसात प्लेग सापडला नव्हता. आधी घरांत उंदीर पडले, पिसवा वाढल्या, मग जांघेत आणि काखेत गाठी आल्या. सप्टेंबरअखेर सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोकांनी शहर सोडलं; त्यात खानदेशातले कितीतरी कामगार होते. सुरतेहून आलेला प्रत्येक खोकला संशयित ठरला. हा प्लेगच का, यावर तज्ज्ञांमध्ये वाद झाला, आणि काहींनी मातीतल्या जीवाणूमुळे होणाऱ्या मेलिऑइडोसिसचीही शंका घेतली. पुढे रुग्णांकडून आणि उंदरांकडून मिळालेल्या जीवाणूंच्या तपासणीत यर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच जीवाणू, पक्का झाला.

त्याच दिवसांत अमेरिकेत भारतातून पोचलेल्या १३ जणांवर प्लेगचा संशय घेतला गेला. एकालाही प्लेग नव्हता; कुणाला मलेरिया निघाला, कुणाला विषमज्वर. ‘भारतातून आला’ एवढ्यावर दोरी सोडून दिली तर खुंट्यापर्यंत पोचता येत नाही. कुठल्या गावात राहिलात, घरात उंदीर मेले होते का, पाणी कुठलं प्यायलात, हे सगळं विचारावं लागतं. डॉक्टर त्याला ‘ट्रॅव्हल हिस्ट्री’ म्हणतात. अमरकोशाच्या अर्थाने तेच निदान आहे, आणि मला तोच अर्थ परत हवा आहे.

कारण मेलिऑइडोसिससारख्या आजारात नाव सापडणंच या माहितीवर अवलंबून असतं. थायलंडहून परतलेल्या मधुमेही माणसाला ताप येतो, छातीच्या फोटोत न्यूमोनिया दिसतो. जीवाणू ओल्या मातीतला, भातखाचरातला. रक्ताच्या कल्चरमध्ये तो वाढतोही, पण सवय नसलेल्या प्रयोगशाळेत साधा स्युडोमोनास किंवा बाहेरून मिसळलेला जंतू म्हणून बाजूला पडू शकतो. नमुन्यासोबतच्या कागदावर ‘पावसाळ्यात थायलंडमध्ये होता, चिखलात चालला’ एवढी ओळ असली, तर प्रयोगशाळेतला माणूस ती प्लेट पुन्हा उचलून बघतो.