एका गाण्याचे पैसे दोनदा नाही

जुलै १९८६. लंडनच्या 'द मॉल' रस्त्यावर, आयसीए या कलासंस्थेच्या दाराशी तुम्ही रांगेत उभे आहात. राणीचा राजवाडा याच रस्त्याच्या टोकाला आहे, पण रांगेतल्या एकालाही त्याचं सोयरसुतक नाही. पुढच्या मुलीने टोपीचं पावसाळी जर्किन घातलंय, वयाच्या मानाने जरा पोरकटच. छातीवर ग्लासगोच्या 'पेस्टल्स' बँडचा बिल्ला. मागचा मुलगा हातातल्या कॅसेटवरून मित्राशी हुज्जत घालतोय. ती 'सी८६'. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने वाचकांसाठी काढलेली, टपालाने मागवायची, २२ बँडची २२ गाणी. आतला कार्यक्रमही तिच्याच निमित्ताने आहे.

हुज्जत ऐका. पहिलं गाणं 'प्रायमल स्क्रीम'चं आणि ते दीड मिनिटही चालत नाही. "संपलं कधी ते कळलंच नाही," असं एक जण वैतागून म्हणतो. दुसरा तेच वाक्य कौतुकाने म्हणतो. निम्म्या कॅसेटवर किणकिणत्या गिटारी आणि लाजरेबुजरे आवाज, उरलेल्या निम्म्यावर 'बॉगशेड', 'स्टंप' वगैरे मंडळींचा मुद्दाम वाकडातिकडा धिंगाणा. हे दोन्ही एकाच टोपलीत कसे, हा वादाचा मुद्दा. पुढे 'सी८६' हे या सगळ्या संगीताचं नावच होऊन बसणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. बोलू नका. तुम्ही इथे ऐकायला आला आहात.

जर्किनवाली मुलगी पिशवीतून झेरॉक्स काढलेले, मधोमध पिना मारलेले कागद काढते. हे फॅनझिन. मासिक म्हणावं तर संपादक, लेखक, टंकलेखक आणि विक्रेता सगळं तीच. कडेला गोंदाचे डाग, टाइपरायटरवर 'ई' अर्धवट उमटलेला, चुकलेल्या ओळीवर सरळ एक्सची रांग. खिशातली चिल्लर द्या आणि एक घ्या. आत एका रेकॉर्डवर दीड पान मजकूर आहे, आणि त्यातलं निम्मं पान ती रेकॉर्ड ऐकली त्या दिवशी पाऊस कसा होता यावर. समीक्षेची शिस्त शोधाल तर निराश व्हाल. पण ही मुलगी त्या रेकॉर्डसाठी भांडायला तयार आहे, हे दुसऱ्या ओळीतच कळतं.

फॅनझिनच्या पोटात कधी पातळ प्लॅस्टिकची लवचीक तबकडीही असते, फ्लेक्सी. ती ग्रामोफोनवर ठेवलीत की सुईखाली घसरते, म्हणून वर एक नाणं ठेवायचं. या काळात फॅनझिनवाल्या काही पोरांनी मिळून 'शा-ला-ला' नावाचं लेबल काढलंय. ते फक्त फ्लेक्सी काढतं आणि वेगवेगळ्या फॅनझिनांबरोबर वाटतं. म्हणजे ज्याने मत द्यायचं त्यानेच गाणंही छापायचं. वाचक आणि कलावंत यांच्यामधली भिंत इथे मुळात बांधलेलीच नाही.

पुढचा मुक्काम पश्चिमेला. नोव्हेंबर १९८७, ब्रिस्टल.

अप्पर बेलग्रेव्ह रोडवरचं घर, समोर डाउन्सचं ऐसपैस गवताळ मैदान, आणि जमिनीवर कागदांचे ढीग. क्लेअर वॅड आणि मॅट हेन्स दोघंही फॅनझिनवाले. तिचं 'क्वॅच', त्याचं 'आर यू स्केअर्ड टू गेट हॅपी?'. दोघांनी नुकतंच 'सारा रेकॉर्ड्स' सुरू केलंय. लेबलला मुलीचं साधंसं नाव देणं हाच त्या काळच्या पुरुषी रॉकच्या नाकावर टिच्चून केलेला उद्योग. पहिली रेकॉर्ड 'सी अर्चिन्स'ची, 'प्रिस्टीन क्रिस्टीन', क्रमांक 'सारा १'. सात इंची तबकडी, घडी घातलेलं कागदी वेष्टन, आत पोस्टर, वर प्लॅस्टिकची पिशवी.

बसा आणि घड्या घालायला लागा. कागदाची घडी नखाने दाबून बसवायची, कोपरे जुळवायचे, तबकडी सरकवायची, पिशवीत घालताना शाई पुसू द्यायची नाही. थोड्याच वेळात बोटांची टोकं काळपट होतात. रेकॉर्ड कंपनी म्हणताच तुमच्या डोळ्यांपुढे जे काही येत असेल ते इथे नाही. आहे तो डिंक, पाकिटं आणि पोस्टात जायची घाई.

या दोघांची मतं गाण्यांइतकीच रेकॉर्ड विकण्याच्या रीतीवरही ठाम आहेत. मोठ्या कंपन्या एकच गाणं आधी सात इंचीवर विकतात, मग लांबवलेलं रूप बारा इंचीवर, मग अल्बममध्ये, आणि निष्ठावान चाहता प्रत्येक वेळी पाकीट उघडतो. यांच्या मते ही सरळ लूट आहे. म्हणून सात इंची सिंगलचा हट्ट, आणि सिंगलवर विकलेलं गाणं शक्यतो अल्बममध्ये पुन्हा घालायचं नाही. मार्गारेट थॅचर यांच्या इंग्लंडमध्ये बाजाराचं गुणगान कानीकपाळी चालू असताना दोन पोरं पॉप संगीताचा हिशोब असा उलटा मांडत होती. मला विचाराल तर साराचं खरं वेगळेपण याच हिशोबात आहे. गोड गाणी काय, इतरांनीही केली.

आणि हो, लेबल निम्मं क्लेअरचं आहे, हे पुष्कळ पत्रकारांच्या गावीही नसतं. तेव्हाही आणि पुढेही.

आता जानेवारी १९९१ मध्ये या. कोणत्याही इंग्रजी विद्यापीठाच्या वसतिगृहातली खोली चालेल. खिडकीच्या फटीतून थंडी, हीटरवर वाळत घातलेले मोजे, शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर आखाती युद्धाच्या बातम्या. पलंगावर तिघं, जमिनीवर दोघं, तुम्ही दाराला टेकून. एकाने टपालाने आलेलं चौकोनी पाकीट फाडलंय. 'हेवनली व्हर्सेस सेटन', साराने काढलेला 'हेवनली' बँडचा पहिला अल्बम. आठ गाणी.

सुई टेकते. पहिल्या बाजूला कोणी बोलायचं नाही, हा अलिखित नियम. पहिली बाजू संपते न संपते तोच जमिनीवरचा मुलगा तोंड उघडतो.

"फार स्वच्छ झालंय. टलुला गॉशमध्ये कशी मजा होती, धावत सुटायचे सगळे."

त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. अमेलिया फ्लेचर, तिचा भाऊ मॅथ्यू, पीटर मॉमचिलॉफ ही मंडळी आधी ऑक्सफर्डच्या 'टलुला गॉश'मध्ये होती आणि त्या बँडचा सगळा जोर धडपडण्यात होता. इथे गिटारी सुरात आहेत, आवाज नीट ऐकू येतो. ज्याला खरचटलेले गुडघेच आवडायचे, त्याला हे इस्त्री केल्यासारखं वाटणारच.

पलंगावरची मुलगी वेष्टनावरची गाण्यांची यादी बोटाने तपासतेय. गेल्या वर्षी आलेल्या दोन्ही सिंगलांची मुख्य गाणी तिच्याकडे आहेत. त्यातलं एकही इथे नाही.

"सगळी नवी आहेत," ती म्हणते. "आठच्या आठ."

"म्हणून काय झालं? सिंगलच चांगले होते."

"म्हणून असं झालं की मी फसले नाही."

बघा, इथे चर्चा चाली सोडून भलतीकडे गेली, आणि कोणालाही ते गैर वाटलं नाही. अल्बम चांगला की वाईट हे ठरवताना तो प्रामाणिक आहे का, हाही प्रश्न या पोरांच्या हिशेबात धरलेला असतो. आपल्याकडे नाटकाच्या मध्यंतरात तिकिटाच्या दरावर बोलणारा माणूस रसिक धरला जात नाही. इथे तोच खरा रसिक.

या आठवड्यात साप्ताहिकांतल्या समीक्षकांची मतं येतील. काही कौतुक करतील. काही नेहमीप्रमाणे 'ट्वी' म्हणून मोकळे होतील, म्हणजे गोडगोड, बाळबोध, केसात क्लिपा लावणाऱ्या मुलींचं. या शेऱ्याने मुलगी जितकी संतापते तितका मुलगा संतापत नाही, आणि तिचं बरोबर आहे. मुलांनी घाबरत गायलं की हळवेपणा आणि मुलीने ठामपणे गायलं की पोरकटपणा, हा न्याय बरीच वर्षं चालला. याच 'गोडगोड' बँडने १९९३ मध्ये 'हार्ट्स अँड क्रॉसेस' काढलं. चाल उड्या मारायला लावणारी, आणि गोष्ट बलात्काराची. बाळबोध म्हणणाऱ्यांनी शब्द ऐकले असते तर बरं झालं असतं.

खोलीतली चर्चा संपत नाही, ती टपालात जाते. पलंगावरची मुलगी रात्री लीड्सच्या किंवा पर्थच्या कोणाला तरी चार पानं लिहील, सोबत कॅसेट भरून पाठवील. पहिल्या वर्गाच्या टपालाचं तिकीट २२ पेन्सला आहे, आणि ती ते चिकटवण्याआधी त्यावर गोंदाचा पातळ हात फिरवते. पलीकडच्याने ते पाण्यात भिजवलं की शिक्का धुऊन निघतो आणि तेच तिकीट उत्तराला लागतं. टपाल खात्याची ही फसवणूक आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. एकच गाणं दोनदा विकणं पाप आणि एकच तिकीट दोनदा लावणं पुण्य, असं हे शास्त्र. उत्तर यायला दिवस लागतील, परदेशातून यायला आठवडे. तोवर मत पिकतं, क्वचित उलटतं. पुन्हा ऐकून "मागच्या पत्रातलं माझं म्हणणं विसर" असं लिहिणारी पत्रं कमी नसत.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात या, म्हणजे खरं भांडण बघायला मिळेल.

'फील्ड माइस' हा साराचा लाडका बँड. बॉब रॅटन आणि मायकेल हिस्कॉक या दोघांनी सुरू केलेला. एकटेपणाची, झोप न येणाऱ्या रात्रींची गाणी. चाहत्यांना तो जसा हवा होता तसा तो राहायला तयार नव्हता, ही खरी अडचण. १९९० च्या 'स्कायरायटिंग' अल्बममध्येच त्यांनी नाचायच्या तालावरचं लांबलचक 'ट्रँगल' पहिलं ठेवलं आणि शेवटी 'हंबलबी' या नावाखाली ध्वनींच्या कात्रणांचं कोलाज. ज्यांना गिटार आणि हुंदका एवढंच हवं होतं, ते तेव्हाच चुळबुळले. आणि आता 'मिसिंग द मून': सिंथेसायझर, क्लबात वाजेल असा ठोका, अ‍ॅनमरी डेव्हिसचा आवाज, आणि कहर म्हणजे बारा इंची. साराच्या घरात बारा इंची!

रेकॉर्डच्या दुकानात काउंटरपाशी उभे राहा. एक जण ते वेष्टन दोन बोटांनी उचलून परत ठेवतो. "तत्त्वं गेली कुठे?" असं त्याचं म्हणणं. दुसरा सांगतो की हे गाणं सात इंचीत मावलंच नसतं, इथे लांबी खोटी वाढवलेली नाही. तिसरी हसते. तिने ते काल रात्री अंधारात एकटीने नाचत ऐकलंय आणि तिला या दोघांत पडायचं नाही. काउंटरमागचा माणूस काही बोलत नाही. त्याला तिघांनाही काहीतरी विकायचंय.

ऑक्टोबरात 'फॉर कीप्स' हा अल्बम आला. 'मिसिंग द मून' त्यात नाही. नियम पाळला गेला होता. पण चाहत्यांनी पत्रांतून अल्बमचा कीस काढायला सुरुवात केली तोवर नोव्हेंबर उजाडला, आणि दौऱ्यावर असतानाच बँड फुटला. ज्या अल्बमला 'कायमचा' अशा अर्थाचं नाव दिलं, त्यानंतर बँड दोन महिनेही टिकला नाही. ही थट्टा कोणी ठरवून केली नव्हती.

मधली वर्षं ओलांडतो. 'सारा ५०' ही रेकॉर्डच नव्हती, तर घरी खेळायचा पटाचा खेळ होता, एवढं फक्त सांगून ठेवतो. संकलनांना नावं ब्रिस्टल आणि आसपासच्या जागांची: टेंपल क्लाउड, एअर बलून रोड, जेल फेरी ब्रिज. मुंबईत कोणी लेबल काढून अल्बमला 'भायखळा पूल' म्हणावं तसं.

सोमवार, २८ ऑगस्ट १९९५. बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. ब्रिस्टलच्या गोदीत 'थेक्ला' नावाची जुनी मालवाहू बोट बांधून ठेवली आहे, तिच्या पोटात गाण्याचे कार्यक्रम होतात. आत शिरा. घाम, बिअर, लोखंडाचा वास, डोक्याला लागेल असं छत. दोन आठवड्यांपूर्वी ब्लर आणि ओअ‍ॅसिस या बँडांनी एकाच दिवशी सिंगल काढले आणि अख्खं इंग्लंड कोण जिंकतंय ते बघत बसलं. गिटारवाल्या पॉपला इतके चांगले दिवस बऱ्याच वर्षांत आले नव्हते. आणि नेमक्या याच महिन्यात 'सारा १००' काढून क्लेअर आणि मॅट दुकान बंद करत आहेत. कर्ज झालं म्हणून नव्हे, विकायचं म्हणून नव्हे. शंभर हा आकडा छान दिसतो आणि चाललेली गोष्ट चालूच ठेवायची सक्ती नसते, म्हणून. साप्ताहिकांत तशी जाहिरातही दिली: संपलं, आणि ठरवून संपवलं. गर्दीत काही जण रडताहेत. काही जणांचं मत असं की हा शेवटसुद्धा जरा नाटकीच झाला. मला दोन्ही पटतं.

चला, परत. १९९६ मध्ये मॅथ्यू फ्लेचर गेला आणि उरलेल्यांनी 'हेवनली' हे नाव सोडून दिलं. २०२३ मध्ये ते पुन्हा त्या नावाने लंडनच्या मंचावर उभे राहिले. 'टलुला गॉश'ची एलिझाबेथ प्राइस पुढे दृश्यकलाकार झाली, २०१२ चं टर्नर पारितोषिक तिचं. अमेलिया फ्लेचर अर्थशास्त्रज्ञ झाली. ब्रिटनमध्ये ग्राहक आणि स्पर्धेचे नियम बघणाऱ्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगची ती मुख्य अर्थशास्त्रज्ञ होती. ग्राहकाला फसवायचं नाही, हे जिने आठ गाण्यांच्या अल्बममध्ये पाळलं, तिला सरकारने त्याच कामावर नेमलं!

राहिलं माझं मत. 'हेवनली व्हर्सेस सेटन'बद्दल जमिनीवरचा मुलगा चुकला, स्वच्छ असणं हा त्या अल्बमचा गुण आहे. 'फॉर कीप्स' सुबक आहे, पण 'स्कायरायटिंग' जास्त धीट, आणि वेडंवाकडं 'हंबलबी' धरूनही मी तोच वरचा मानतो. 'मिसिंग द मून' बारा इंचीवर काढणं अगदी योग्य होतं. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर जरूर कळवा, फक्त आधी दोन्ही बाजू पूर्ण ऐका.