आम्ही, मी, तू, तो

नेटफ्लिक्सवरचा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 2022 चा, एडवर्ड बर्गरचा, चार ऑस्कर मिळालेला. सिनेमा जबरदस्त आहे, वादच नाही. पण आज बोलायचंय ते मूळ जर्मन कादंबरीबद्दल. तिच्यातही एकाच मुद्द्यावर: ती सांगतंय कोण?

लेखक एरिख मारिया रेमार्क. जन्म 1898, गाव ओस्नाब्रुक. 1916 मध्ये सक्तीची भरती, जून 1917 मध्ये आघाडीवर आणि 31 जुलैला तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी. कादंबरी आली दहा वर्षांनी: नोव्हेंबर 1928 पासून बर्लिनच्या 'फोसिशे त्साइटुंग' या दैनिकात क्रमशः, आणि जानेवारी 1929 मध्ये पुस्तक म्हणून.

सुरुवात बघा. दीडशे जणांची कंपनी आघाडीवर गेली, परत आले ऐंशी. स्वयंपाक मात्र दीडशे जणांचा तयार आहे. म्हणजे प्रत्येकाला डबल जेवण! निवेदक पाउल बॉयमर, वय एकोणीस-वीस, हे मजेत सांगतो. आचारी कुरकुर करतो, पोरं भांडतात, शेवटी पोटभर मिळतं. उरलेल्या सत्तर जणांसाठी एक अश्रू नाही. आपण वाचता वाचता हसतो, आणि मग मनातल्या मनात वजाबाकी करतो. मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकाची शैली या एका प्रसंगात आहे. वाक्यं छोटी, काळ वर्तमान, आणि दुःखाचा हिशेब वाचकाने करायचा.

आता गंमत. मूळ जर्मनमध्ये पहिल्या प्रकरणाचा पहिला शब्दच 'वीर' आहे. हा आपला शूरवीरातला वीर नव्हे हं, जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'आम्ही'. की 'आपण'? जर्मनला, इंग्रजीलाही, हा फरक करता येत नाही. मराठीला येतो. मी कादंबरी इंग्रजीत वाचली, पण डोक्यात भाषांतर चालू होतं आणि दर पानावर उत्तर एकच येत होतं: आम्ही. ऐकणारा यात नाही. गावी बसून नकाशावर पुढे कसं सरकायचं ते सांगणारे काका लोक यात नाहीत. 'आपण' म्हणणारा माणूस पुस्तकात वेगळाच आहे: कांटोरेक मास्तर. देशासाठी भाषणं देऊन अख्खा वर्ग भरतीला नेणारा. योसेफ बेम नावाचा एक पोरगा जायला कचरत होता, आणि सुरुवातीला जे मेले त्यांच्यातला एक तोच.

पाउल सुट्टीवर घरी जातो तेव्हा हे जास्त टोचतं. आई आजारी, वडिलांना लढाईचे किस्से हवेत, आणि याच्या तोंडून शब्द फुटत नाही. घरी त्याला 'आम्ही' म्हणायला कुणी उरलेलं नाही. बर्गरच्या सिनेमात हा भाग नाहीच. त्याऐवजी युद्धबंदीची बोलणी आहेत, ट्रेनच्या डब्यातले पुढारी आहेत. मला तो बदल खटकला, कारण कादंबरी खंदकातल्या नजरेच्या वर कधी जातच नाही. युद्ध कोण थांबवतंय हे पाउलला दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही.

मधे एकदा आवाज बदलतो. तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात पाउल एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो. तो मरायला कित्येक तास घेतो, आणि पाउल शेजारीच अडकलेला. तो मेल्यावर पाउल त्याच्याशी बोलायला लागतो, थेट 'तू' म्हणून. पाकीट उघडतो, नाव सापडतं, धंदा सापडतो: जेरार दुव्हाल, छापखान्यातला कामगार. पाउल त्याला काय काय वचनं देतो! नंतर सोबत्यांमध्ये परत येतो, ते समजूत घालतात, आणि तो स्वतःच म्हणतो की युद्ध म्हणजे युद्ध. 'आम्ही'ने 'तू'ला गिळलं. रेमार्क यावर एक शब्द टिप्पणी करत नाही. मी तिथे फोन बाजूला ठेवला होता.

शेवटाकडे वर्गातल्या सात जणांपैकी हा एकटा उरतो. 'आम्ही' संपलं, राहिला 'मी'. मग एक मोकळी जागा, आणि दोन छोटे परिच्छेद 'तो' म्हणून. ऑक्टोबर 1918, इतका शांत दिवस की लष्कराच्या अहवालात पश्चिमेकडे नवीन काही नाही, एवढंच. मूळ जर्मन नाव त्यावरूनच आहे. आमच्या ऑफिसातल्या सकाळच्या स्टँडअपमध्ये 'नो अपडेट्स' म्हणतात ना, तसं. ते परिच्छेद कोण सांगतंय, माहीत नाही. नावसुद्धा घेत नाही. सिनेमात पाउल युद्धबंदीच्या अगदी तोंडावर मरतो. थरार वाढतो, पण तो शांत दिवस हातचा जातो.

या 'आम्ही'चा राग कुणाला आला, ते इतिहासात आहे. डिसेंबर 1930 मध्ये अमेरिकन सिनेमाचा बर्लिनमधला खेळ गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडून उधळला, आणि काही दिवसांत सरकारने सिनेमावर बंदीच घातली. 10 मे 1933 ला पुस्तक जाळलं. 1938 मध्ये रेमार्कचं नागरिकत्व काढून घेतलं. तो स्वतः देशाबाहेर होता. त्याची धाकटी बहीण एल्फ्रीडे शोल्झ मात्र जर्मनीतच होती. युद्ध हरल्यातच जमा आहे, असं ती बोलली, कुणीतरी कळवलं, आणि डिसेंबर 1943 मध्ये तिचा शिरच्छेद झाला.