शिपायाचे हृदय

मनुष्याच्या देहात अहोरात्र जी कार्ये त्याच्या नकळत पार पडत असतात, त्यांपैकी हृदयाच्या स्पंदनाचे भीतीशी जितके निकटचे नाते आहे तितके क्वचितच दुसऱ्या कोणाचे असेल. ते नकळत चालते तोवर आपण निश्चिंत असतो. पण एखाद्या रात्री ते कानांशी ऐकू येऊ लागले, छातीत धडधड सुरू झाली, मध्येच एक ठोका चुकल्याचा भास झाला, की मृत्यू उंबरठ्याशी आल्याची शंका मनात उभी राहते, त्या शंकेने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड त्या शंकेला पुरावा म्हणून पुढे येते. हे दुष्टचक्र ज्यांनी भोगले आहे त्यांना त्याची दाहकता सांगावी लागत नाही. परंतु वैद्यकाला त्याचे मर्म उमगण्यास ऐंशी वर्षे लागली, आणि त्या ज्ञानाची किंमत प्रामुख्याने शिपायांनी मोजली, हा इतिहास मात्र फारसा कोणाच्या परिचयाचा नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वातज हृद्रोगाची कारणे सांगताना शोक, उपवास, शरीरश्रम आणि रूक्ष व अल्प भोजन यांचा एकत्र निर्देश केलेला आहे. युद्धाच्या मोहिमेवर निघालेल्या सामान्य शिपायाच्या वाट्याला ही सारी कारणे एकाच वेळी येतात, आणि त्यांत प्राणभयाची भर पडते. त्यामुळे या व्याधीचा पहिला सविस्तर अभ्यास एखाद्या संपन्न नगरातील गृहस्थांवर न होता लष्करी रुग्णालयातील शिपायांवर व्हावा, यात नवल नाही.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्धाचा भडका उडाला. त्या युद्धकाळात फिलाडेल्फिया शहरातील टर्नर्स लेन रुग्णालयात जेकब मेंडिस दा कोस्टा या वैद्याकडे एका विशिष्ट तक्रारीचे शिपाई येऊ लागले. हा शिपाई दिसायला धडधाकट असे. काही महिने त्याने पलटणीबरोबर इमानेइतबारे चाकरी केलेली असे. मग ज्वर किंवा अतिसार यांसारख्या दुखण्याने तो काही दिवस अंथरुणास खिळे, आणि बरा होऊन पुन्हा रुजू झाल्यावर आपण सोबत्यांच्या बरोबरीने चालू शकत नाही, दम लागतो, भोवळ येते, छातीत दुखते आणि हृदय अनावर धडधडू लागते, असे त्याच्या ध्यानी येई. दा कोस्टा यांनी अशा तीनशेहून अधिक शिपायांची बारकाईने तपासणी केली, त्यांच्या चाकरीचा आणि आजाराचा तपशील टिपून घेतला, आणि १८७१ साली एका प्रदीर्घ निबंधाद्वारे हा अनुभव वैद्यकजगतापुढे मांडला. त्यांच्या मते हे हृदय रचनेने बिघडलेले नव्हते, अतिश्रमाने क्षुब्ध झालेले होते. दीर्घ विश्रांती आणि डिजिटॅलिससारखी औषधे हा त्यांचा उपचार होता; आणि दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या शिपायाला घाईने कठोर कामावर धाडू नये, ही सूचनाही त्यांनी आवर्जून केली. त्यांचे मोठेपण असे की, ज्या काळी छावणीतील अधिकाऱ्याला असा शिपाई कामचुकार वाटणे सहज शक्य होते, त्या काळी त्यांनी त्याचे गाऱ्हाणे खरे मानून ते दप्तरी नोंदविले.

याच सुमारास इंग्लंडात कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणीचे वैद्य आर्थर मायर्स यांनी १८७० साली निराळे निदान पुढे केले. शिपायाचा आवळ अंगरखा आणि पाठीवरील बोचक्याचे पट्टे छातीला जखडून टाकतात व हृदयाला मोकळेपणाने कार्य करू देत नाहीत, असा त्यांचा सिद्धांत होता. पुढे सरंजामात सुधारणा झाल्या, पट्टे बदलले. व्याधी मात्र हटली नाही.

१९१४ च्या महायुद्धात तिने उग्र रूप धारण केले. ब्रिटिश लष्करात हजारो शिपाई ‘हृदयाची विस्कळित क्रिया’ असा शेरा मिळून आघाडीवरून माघारी येऊ लागले. त्या काळी छातीला नळी लावताच किंचित मर्मरध्वनी ऐकू आला तरी हृद्रोगाचा निर्णय देण्याचा आणि रोग्याला महिनोन् महिने बिछान्यावर निजवून ठेवण्याचा शिरस्ता होता. असा शिपाई निजल्या निजल्या आपल्याच नाडीवर बोट ठेवून राही, आणि जे शरीर श्रमांनी थकले होते ते आता निष्क्रियतेने दुबळे होई. या शिरस्त्याविरुद्ध हृदयरोगांचे जाणकार वैद्य सर जेम्स मॅकेन्झी यांनी आवाज उठविला, आणि हृदयाच्या विद्युत्-आलेखाचे प्रवर्तक म्हणून विख्यात झालेले टॉमस लुईस यांनी हॅम्पस्टेड येथे व पुढे कोल्चेस्टर येथे अशा शिपायांसाठी विशेष रुग्णालय चालविले. लुईस यांनी केलेला बदल वरकरणी साधा होता: रोग्याला बिछान्यातून उठवावयाचे, त्याला झेपेल इतकीच कवायत द्यावयाची, ती सोसली की किंचित वाढवावयाची, आणि त्याच्या शक्तीचा अंदाज छातीतील ध्वनींवरून न करता प्रत्यक्ष श्रमांवरून करावयाचा. यातून कित्येक शिपाई पुन्हा कामाला लागले. तरीही मूळ कारण लुईस यांना गवसले नाही. ते त्याचा शोध शरीरातच घेत राहिले.

शरीर आणि भय यांच्यामधील दुवा मात्र त्याच काळात अटलांटिकपलीकडे उजेडात येत होता. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, भय किंवा क्रोध उत्पन्न होताच अधिवृक्क ग्रंथींतून स्राव रक्तात मिसळतो, हृदय वेगाने चालू लागते आणि सारा देह लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होतो, हे प्रयोगान्ती दाखविले. म्हणजे धडधड हा हृदयाचा बिघाड नसून संकटसमयी त्याने बजावलेले कर्तव्य ठरते.

दुसऱ्या महायुद्धात हे धागे एकत्र गुंफले गेले. निलगिरीच्या कुन्नूर गावी जन्मलेले हृद्रोगतज्ज्ञ पॉल वुड यांनी १९४१ साली लंडनमधील व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की, या व्याधीचे मूळ भयात आहे, आणि वैद्याच्या एखाद्या अविचारी उद्गारानेही ते भय दृढ होते. वुड ज्या मिल हिल येथील रुग्णालयात काम करीत, तेथेच मॅक्सवेल जोन्स या तरुण मानसोपचारतज्ज्ञाने शिपायांना एकत्र बसवून, भय वाटले असता मज्जातंतू, श्वास आणि हृदय यांचे कार्य कसे चालते हे समजावून सांगण्यास आरंभ केला. रोग्याला आपल्या देहाचे कामकाज कळले तर त्याचे निम्मे भय ओसरते, हा या प्रयोगाचा गाभा होता; आणि ज्या शिपायांना हे उमगले ते नव्याने आलेल्या सोबत्यांना समजावू लागले.

हे शहाणपण घराघरांत पोहोचविण्याचे श्रेय क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन विदुषीला आहे. तरुणपणी क्षयाचे चुकीचे निदान झाल्यावर त्यांना धडधडीने ग्रासले, आणि दीर्घ काळ त्या आपले हृदय रोगट आहे या धास्तीत वावरत होत्या. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने त्यांना सांगितले की, खंदकातील शिपायांची हृदयेही अशीच धावत असत आणि त्यामागे भयावाचून दुसरे काही नव्हते. या एका वाक्याने त्यांची वाट मोकळी झाली. पुढे वैद्य झाल्यावर १९६२ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी सांगितले की, धडधड आली असता तिच्याशी झुंजू नये व तिच्यापासून पळूही नये. तिला सामोरे जावे, तिचा स्वीकार करावा, अंग सैल सोडावे आणि काळाला त्याचे काम करू द्यावे.

या सर्व इतिहासातून मला जो निष्कर्ष दिसतो तो असा. हृदय निर्दोष असणे आणि वेदना खरी असणे यांत विरोध नाही; ज्या वैद्यांनी यांपैकी एकच सत्य पाहिले त्यांनी रोग्याला एक तर ढोंगी ठरविले किंवा पंगू केले. म्हणून ज्याला ही व्यथा जडली आहे त्याने प्रथम आपली तपासणी विश्वासू वैद्याकडून नीट करून घ्यावी, कारण अशा धडधडीमागे कधी पांडुरोग, कधी अवटू ग्रंथीचा विकार, तर कधी हृदयाच्या लयीचा खरा दोष असू शकतो आणि त्याची उपेक्षा घातक होईल. पण हृदय निरोगी ठरल्यावर नाडी पुनःपुन्हा चाचपण्याचे सोडून, झेपेल तेवढे चालत, झेपेल तेवढे काम करत त्याने आपल्या नित्यक्रमाकडे परतावे. आणि त्याच्या घरच्या माणसांनी ‘हे तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून त्याला गप्प करू नये. भीती मनात उपजली तरी ती देहानेच सोसावी लागते, आणि ती सोसणाऱ्याला उपदेशाहून समजुतीची गरज अधिक असते.