विळा, खुरपे, हातमोजे : जागच्या जागी
चोपडा तालुक्यातील तापीकाठच्या केळीबागांत पानांचा कचरा साचतो आणि खाली ठेवलेला विळा वा खुरपे त्यात दिसेनासे होते. मुठीला लाल चिंधी बांधल्यास ते लांबूनही नजरेस पडते. हिरवी मूठ मात्र कुचकामीच. फवारणीचे हातमोजे हरवणे अधिक गंभीर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशके नियम, १९७१ नुसार फवारणाऱ्यास संरक्षक पोशाख आवश्यक असून त्यात हातमोजेही येतात. काम संपताच ते हातातून काढण्यापूर्वी साबणाने धुवावेत. वाळलेली जोडी पंपाच्या पट्ट्यालाच चिमट्याने अडकवावी. सुटे ठेवले की नेमका एकच सापडतो. धान्याजवळ ते ठेवू नयेत. मजूर घरी परतण्याआधी सर्व अवजारे मोजून घ्यावीत.