बोटांतले कसब कोणाच्या मालकीचे?

रोज तेच काम करून कारकुनाच्या बोटांत जे कसब साठते त्याचा मालक कोण? प्रश्न युनियनच्या कचेरीतला वाटेल. पण तो एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला. निमित्त होते संगणकावरील हिशेबाच्या तक्त्याचे, म्हणजे स्प्रेडशीटचे.

डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचा व्हिजिकॅल्क हा तक्ता १९७९ साली ॲपल टू या यंत्रावर आला. त्या यंत्राला बाणाच्या कळा दोनच, डावी नि उजवी. वरखाली जायचे तर आधी स्पेसबार दाबायचा, की त्याच कळा उभ्या चालू लागत! तक्ता ६३ स्तंभांचा, २५४ ओळींचा. त्यात घराघराने चालण्यात दिवस जायचा. म्हणून 'पेक्षा मोठे' हे चिन्ह दाबून घराचा पत्ता दिला की थेट तेथे पोचण्याची सोय होती. हुकमासाठी आधी तिरकी रेघ, मग हुकमाचे आद्याक्षर.

१९८३ साली आयबीएमच्या यंत्रासाठी लोटस वन-टू-थ्री निघाला. त्यानेही तिरकी रेघच उचलली, हे लक्षात ठेवा. ती दाबली की हुकमांची ओळ वर उमटे. नवखा ती वाचून अक्षर निवडी; सरावलेला मात्र न पाहताच तिरकी रेघ, एफ, एस अशी बोटे टाकून काम जपून ठेवी. शिवाय कळांची मालिका तक्त्यातच लिहून ठेवता येई व एका खुणेवर ती आपोआप चाले. अशा मालिका लोकांनी आपापल्या कामापुरत्या, आपल्याच डोक्याने रचल्या होत्या.

पुढे बोरलँड कंपनीने आपल्या क्वाट्रोमध्ये तीच हुकूमरचना देऊ केली, कारण त्याशिवाय लोटसवर हात बसलेला माणूस तिकडे वळेना. लोटसने १९९० साली दावा लावला. खालच्या न्यायालयात लोटस जिंकली. १९९५ साली बोस्टनच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला: पन्नासाहून अधिक याद्यांत मांडलेले हे ४६९ हुकूम म्हणजे यंत्र चालवण्याची रीत आहे, आणि रीतीवर लेखकाचा हक्क लागत नाही. न्यायमूर्ती बूडिन यांनी वेगळे मत जोडले. ही रचना एकाच कंपनीच्या मुठीत गेली तर ती शिकलेला माणूस त्या कंपनीचा बंदी होईल, जसा टंकलेखक कळफलकाच्या मक्तेदाराचा होईल, असा त्याचा आशय. मला सगळ्या खटल्यात हेच मोलाचे वाटते. एका गिरणीतून दुसरीत जाणारा साचेवाला आपले हात पहिल्या मालकाकडे ठेवून जात नाही! अर्थात कारकून या दाव्यात पक्षकार नव्हताच. भांडत होत्या दोन कंपन्या.

जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मते पडली. एक न्यायमूर्ती बाजूला राहिले होते. त्यामुळे अपिलाचा निकाल टिकला, पण साऱ्या देशाला लागू होईल असा दंडक झाला नाही.

तोवर बाजार एक्सेलकडे वळला होता. लोटस १९९५ साली आयबीएमने विकत घेतली आणि वन-टू-थ्रीची देखभाल २०१४ साली बंद झाली. पण घरातला मजकूर दुरुस्त करायला एफ-दोन, पत्त्यावर जायला एफ-पाच, आणि एन्ड दाबून बाण दाबला की भरलेल्या मजकुराच्या टोकाला उडी, हे सारे लोटसचे संकेत एक्सेलमध्ये अजून चालतात. विंडोजवरच्या एक्सेलात आजही तिरकी रेघ दाबून पाहा. वरच्या पट्टीवर अक्षरे उमटतात.