शब्दकोड्यातील न्याय

२१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या रविवारच्या अंकात आर्थर विन या लिव्हरपूलच्या गृहस्थाने शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे प्रसिद्ध केले. आधुनिक शब्दकोड्याचा उगम तो हाच. विनची शोधसूत्रे सरळ होती : अर्थ द्यावा, शब्द मागावा. इंग्लंडात मात्र या सरळपणाला लवकरच वाकडे वळण लागले. १९२६ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी रचू लागला. त्याने टोपणनाव घेतले ते टॉर्कमाडा या स्पेनमधील क्रूर धर्मन्यायाधीशाचे! सोडविणाऱ्याने काय ते समजून घ्यावे.

या छळाचे एक हुकमी साधन म्हणजे समोच्चारी शब्द. इंग्रजीत रात्र म्हणजे ‘नाइट’, आणि चिलखत घालणारा सरदारही ‘नाइट’च, केवळ सरदाराच्या आरंभी एक मुके अक्षर बसलेले असते. ‘रात्र झाल्याचे कानी येताच सरदार’ असे सूत्र दिले, तर ‘कानी येताच’ हीच त्याची किल्ली. मराठी लिपी उच्चाराचा हात धरून चालते. त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ अशा मोजक्याच जोड्या आपल्या वाट्याला येतात. आपल्याकडे हे काम श्लेषाने व पदच्छेदाने केले. दण्डीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले, त्यांतील ‘समागता’ या प्रकारात पदांच्या संधीमुळेच अर्थ झाकला जातो.

पण फसवावे तरी किती? हा प्रश्न इंग्लंडात नियमांपर्यंत पोहोचला. ‘आफ्रिट’ या नावाने कोडी रचणाऱ्या रिची यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकात रचनाकाराच्या सचोटीचा आग्रह धरला. टॉर्कमाडानंतर ‘ऑब्झर्व्हर’ची कोडी रचणारे मॅकनट यांनी ‘झिमेनीस’ या नावाने १९६६ मध्ये त्याचे शास्त्रच मांडले. सूत्रात उत्तराचा नेमका अर्थ हवा, शब्दखेळाचा प्रामाणिक निर्देश हवा. फाजील काही नको. ऐकण्याची खूणच गाळली, तर तो खेळ नव्हे, लबाडी होय. ती खूण दोन अर्थांच्या मधोमध ठेवली, तर रात्र लिहावी की सरदार, हे कळतच नाही, तोही अन्यायच.

रचनाकाराने चकवावे, परंतु खोटे बोलू नये. उत्तर सापडल्यावर ‘हे तर डोळ्यांसमोरच होते’ असे सोडविणाऱ्याला वाटले पाहिजे. हरलेल्यालाही आपण न्यायाने हरलो असे वाटावे, यातच कोड्याची प्रतिष्ठा आहे.