रंगो बापूजींची विलायतेंतील वकिलात

रंगो बापूजी गुप्ते यांचें नांव निघालें कीं वाचकांपुढें १८५७ सालच उभें राहतें. त्या सालीं ते साताऱ्याच्या कटांत सांपडतां सांपडतां निसटले व पुढें त्यांचा थांग लागला नाहीं. पुत्र सीताराम मात्र ८ सप्टेंबर रोजीं साताऱ्यास देहदंड पावलेल्या सतरा इसमांत होता. हा अंत हृदयद्रावक खरा. परंतु त्यामुळें त्यापूर्वींचीं चौदा वर्षें झांकली गेलीं आहेत, असें आमचें मत आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यांजकडे वकील म्हणून पाहणार आहों. वकील हा शब्द येथें पेशवाईंतील अर्थानें घ्यावा: परदरबारीं धन्याची बाजू मांडणारा.

१८१९ च्या तहानें साताऱ्याच्या गादीवर बसलेल्या प्रतापसिंह महाराजांचा जहागीरदारांवरील हक्कासंबंधीं मुंबई सरकारशीं तंटा जुंपला. पुढें गोंवेकर पोर्तुगीजांशीं कारस्थान केल्याचाही आरोप आला. तह मोडल्याची कबुली लिहून द्यावी म्हणजे गादी राहील, असें मुंबईचा गव्हर्नर कारनॅक यानें सुचविलें. महाराजांनीं तें नाकारलें. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं त्यांस पदच्युत करून पुढें काशीस पाठविण्यांत आलें आणि धाकटे बंधु आप्पासाहेब गादीवर आले.

मुंबईच्या कोटांतील निकालावर दाद मागावयाची ती लंडनासच. तेथें लेडनहॉल रस्त्यावरील कंपनीच्या कचेरींत डायरेक्टरांचें म्हणणें असें कीं, जें मागणें असेल तें मुंबई सरकारमार्फत यावें. ज्याजवर फिर्याद त्याच्याच हातून अर्ज! तेव्हां रंगो बापूजींनीं कंपनीचे भागीदार व पार्लमेंटाचे सभासद यांजकडे मोर्चा वळविला. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्सन यांसारख्यांनीं महाराजांचा पक्ष उचलला. जो मजकूर एरव्हीं खलित्यांतून दरबारीं जावयाचा, तो रंगो बापूजींनीं इंग्रजींत छापून लोकांपुढें ठेविला. मराठी वकिलातींत ही रीत नवीच होती. खरें तें छापलें म्हणजे न्याय मिळेल, हा त्यांचा भरंवसा मात्र आम्हांस भाबडा वाटतो.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजीं महाराज काशीस निवर्तले. ५ एप्रिल १८४८ रोजीं आप्पासाहेबही गेले, आणि दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झालें. धनी नाहीं, गादी नाहीं. मग हा वकील कोणाचा? रंगो बापूजींनीं तरीही लंडन सोडलें नाहीं. दत्तकाचा हक्क हेंच आतां त्यांचें प्रकरण झालें. अखेर कर्जांत बुडून ते १८५३ सालीं परतले. त्याच सुमारास, १८५२ मध्यें, गिरगांवचे जगन्नाथ शंकरशेट प्रभृतींनीं बॉम्बे असोसिएशन स्थापून पार्लमेंटाकडे अर्ज धाडला. दोहोंचा परस्परसंबंध आम्ही सुचवीत नाहीं. वाट मात्र एकच होती.

प्रबोधनकार ठाकरे यांनीं १९४८ सालीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामुळें मराठी वाचकांस हें प्रकरण अपरिचित नाहीं. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, रंगो बापूजींच्या कागदांचा शोध मोडी रुमालांपुरता न ठेवितां जुन्या इंग्रजी चोपड्यांच्या गठ्ठ्यांतही घ्यावा. तेथें त्यांचें नांव ‘रंगो बापोजी’ असें आढळेल. पुष्कळदां मुखपृष्ठावर तेंही नसून केवळ ‘साताऱ्याचा राजा’ एवढेंच असेल.